मेपलचा रस शनिवारपर्यंत टिकवायचा कसा?

ओढ्याकाठी
मंडळी, दक्षिण ऑन्टारियोत घरामागे चार शुगर मेपल आहेत. दोन चांगले जाड आहेत, त्यांना दोन-दोन तोट्या (खोडाला भोक पाडून रस काढायच्या नळ्या) आणि उरलेल्या दोघांना एक-एक, अशा सहा तोट्या मारायच्या आहेत. रस आटवायला वेळ फक्त शनिवार-रविवारी. तोटी कशी मारावी आणि सिरप कसं आटवावं यावर भरपूर वाचायला मिळतं, पण मधल्या पाच दिवसांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. सोमवार ते शुक्रवार जमलेला रस कशात ठेवायचा, कुठे ठेवायचा आणि किती दिवस? गॅरेजमध्ये झाकून ठेवला तर चालेल का? घरच्या फ्रिजमध्ये एवढा रस मावणं शक्य नाही. ठोस आकडे हवे आहेत.

हिमवाट
चांगला विषय काढलात. सिरपचा दर्जा कढईत ठरतो असं वाटतं, पण निम्म्याहून जास्त तो बादलीत ठरलेला असतो.

कच्चा रस म्हणजे न तापवलेलं दूध समजा. दुधाला जे नियम, तेच याला. तापमान 4 अंशांच्या खाली, भांडं स्वच्छ, झाकण घट्ट, आणि जास्तीत जास्त सात दिवस. सात ही बाहेरची हद्द आहे, तीही सगळे दिवस थंडी टिकली तरच. रस 10 अंशांवर गेला तर दोन दिवसांतच धुरकट होऊ लागतो.

आता तुमचं गणित. रात्री उणे पाच आणि दिवसा अधिक पाच अशी हवा असेल तर एका तोटीतून दिवसाला 4 ते 8 लिटर येतात. रोज काही झाड वाहत नाही. पाच दिवसांत सहा तोट्यांचे मिळून 100-120 लिटर धरा. म्हणजे 19 लिटरच्या सहा-सात बादल्या लागतील.

सिरप किती निघेल ते 86 च्या नियमाने काढा. रसात जितके टक्के साखर, त्याने 86 ला भागायचं. शुगर मेपलमध्ये साधारण 2 टक्के असते, म्हणजे एका लिटर सिरपला 43 लिटर रस. तुमच्या 120 लिटरचे पावणेतीन लिटर होतील.

गॅरेजचं म्हणाल तर आधी तिथे थर्मामीटर ठेवून बघा. घराला लागून असलेलं गॅरेज मार्चमध्ये दुपारी सहज 8-10 अंशांवर जातं. त्यापेक्षा घराची उत्तरेकडची भिंत बरी.

चांदणचुरा
उत्तरेच्या भिंतीला +1. तिथे बर्फाचा ढीग करून त्यात बादल्या झाकणापर्यंत पुरा. वितळणारा बर्फ शून्य अंशांवरच राहतो, त्यामुळे बाहेर 12 अंश झाले तरी आतला रस थंड राहतो. फक्त दिवसा बर्फ बादलीपासून सुटतो आणि मधे हवेची पोकळी तयार होते. ती रोज संध्याकाळी फावड्याने पुन्हा दाबून भरायची. वरून पांढरी चादर किंवा फळी टाका. काळं प्लास्टिक अजिबात नको, ते ऊन ओढून घेतं.

गुळाची_ढेप
मेपलमधलं मला काही कळत नाही, पण हिमवाट यांनी जे लिहिलं ते कोल्हापूरच्या कुठल्याही गुऱ्हाळावर पटेल. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस पडून राहिला की त्याचा गूळ नीट बसत नाही, ढेप मऊ पडते आणि रंगही मारला जातो. कारण उसातली मूळ साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. मेपलच्या रसातही तसंच होतं का?

हिमवाट
@गुळाची_ढेप, अगदी तेच. झाडाच्या आत रस जवळजवळ निर्जंतुक असतो. जंतू आणि यीस्ट शिरतात ते भोकात, तोटीत आणि बादलीत. ते सुक्रोज फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतात, आणि आटवताना या फुटलेल्या साखरा लवकर करपटतात. म्हणून एकाच झाडाचा ताजा रस सोनेरी सिरप देतो आणि पाच दिवस कोमट राहिलेला गडद. दर्जा आरपार जाणाऱ्या प्रकाशावर ठरतो: 75 टक्के किंवा जास्त तर गोल्डन, 50 ते 75 अंबर, 25 ते 50 डार्क, त्याखाली व्हेरी डार्क. डार्कला चव जोरदार असते आणि बऱ्याच लोकांना तीच आवडते. पण मेपलच्या साखरेच्या वड्या पाडायच्या असतील तर ताजाच रस हवा. फुटलेली साखर जास्त झाली की वड्या धरत नाहीत, चिकट राहतात.

टपरीवाला
म्हणजे गुऱ्हाळवाले आणि मेपलवाले यांचं भांडण एकाच गोष्टीवर, "कालचा माल आज का आणलास?" 😄

रानशेवंती
बादल्यांबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून लिहिते.

तळाला त्रिकोणात 2 आकडा असला की बादली खाण्याच्या कामाची, हा गैरसमज आहे. तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो. पेला-काट्याची खूण किंवा 'फूड ग्रेड' असं लिहिलेलं हवं. हार्डवेअरच्या दुकानातल्या रंगीत बादल्या, कचऱ्याचे डबे, पाणी साठवायचे निळे पिंप यांच्या वाटेला जाऊ नका. बेकरीत केकच्या आयसिंगच्या रिकाम्या बादल्या मागितल्या तर बहुतेक वेळा फुकट मिळतात, त्या उत्तम. लोणच्याची बादली मात्र कितीही धुतली तरी वास सोडत नाही. चाळीस पटीने आटवणार आहात तर तो वासही चाळीस पटीने गडद होणार.

जुन्या बाजारात जस्ताच्या देखण्या बादल्या मिळतात. त्यांच्या सांध्यांवर शिशाचं डाख असू शकतं, आणि शिसं रसात उतरलं की आटवताना तेही घट्ट होत जातं. त्या बादल्यांत फुलझाडं लावा, रस धरू नका.

धुवायची पद्धत: गरम पाण्याने ब्रशने घासा, मग बिनवासाचं ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग, आणि शेवटी तीनदा भरपूर पाण्याने खळबळून काढा. भांड्यांचा साबण वापरू नका, वास राहतो.

ओढ्याकाठी
@रानशेवंती, लोणच्याचं बरं सांगितलंत, दोन बादल्या यादीतून बाद. गाळणीचं काय? रस साठवण्याआधी गाळायचा की आटवल्यावर?

रानशेवंती
दोन्ही वेळा. साठवण्याआधी गाळायचं ते सालीचे तुकडे आणि पाखरं काढायला. थंडीतले पतंग या रसावर हटकून येतात आणि बादलीत तरंगताना दिसतात. याला साधं विरळ कापड पुरतं. नवा पंचा घ्या, साबण न लावता दोनदा उकळा आणि तो याच कामाला ठेवा. कपडे धुताना वापरतात त्या फॅब्रिक सॉफ्टनरचा स्पर्शही होऊ देऊ नका.

आटवल्यावरची गाळणी वेगळी. तेव्हा खनिजांचा बारीक गाळ खाली बसतो, इथे त्याला शुगर सँड म्हणतात. त्याला जाड फेल्ट किंवा ऑर्लॉनची गाळणी लागते आणि सिरप कढत असतानाच गाळावं लागतं.

दगडूशेठचा_शेजारी
मला एकाने कुठेतरी सांगितलं होतं की बादलीत सकाळी जो बर्फ धरतो तो फेकून द्यावा, आयतंच पाणी कमी होतं. खरं का?

चांदणचुरा
खरं आहे. गोठताना पाणी आधी बर्फ होतं आणि साखर खालच्या रसात राहते. अनिशिनाबे वगैरे इथले मूळ रहिवासी धातूची भांडी येण्याआधीपासून हे करत आले आहेत. बर्चच्या सालीच्या पसरट भांड्यांत रस रात्रभर गोठू द्यायचा आणि सकाळी वरचा बर्फ काढून टाकायचा. सरपण वाचतं.

हिमवाट
@चांदणचुरा, अर्धं बरोबर. वर पातळ, काचेसारखा पापुद्रा असेल तर खुशाल फेका. पण बादली निम्म्याहून जास्त गोठली असेल तर फेकू नका. झपाट्याने गोठलेल्या बर्फात साखर अडकून राहते. तुकडा तोंडात टाकून बघा, गोड लागला तर साखर फेकताय.

बादली पूर्ण गोठलीच तर ती उलटी करून दुसऱ्या भांड्यावर ठेवा. आधी जे वितळून खाली येतं ते सगळ्यात गोड असतं. खाली येणाऱ्या रसातली साखर रिफ्रॅक्टोमीटरने (साखर मोजायचं उपकरण) मोजत राहा. अर्ध्या टक्क्याच्या खाली गेली की उरलेला बर्फ टाकून द्या.

चांदणचुरा
मान्य. माझं म्हणणं पातळ पापुद्र्यापुरतंच होतं.

कोयनाकाठ
घरात आडवा डीप फ्रीजर असेल तर प्रश्नच मिटला. रस गोठवला की जंतूंची वाढ थांबते, आठवडेच्या आठवडे राहतो. फक्त बादली काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, तेव्हा वर दहावा हिस्सा मोकळा ठेवा, नाहीतर बादली तडकते. वापरताना मात्र गुरुवारी रात्रीच बाहेर काढा. 19 लिटरचा गोळा शनिवारी सकाळी काढलात तर दिवसभर तो वितळायचीच वाट बघाल.

फ्रीजर नसेल तर पाण्याच्या बाटल्या घट्ट बंद करून गोठवा, बाहेरून ब्लीचच्या पाण्याने पुसून, धुऊन बादलीत सोडा. रोज बदलायच्या. बर्फाचे सुटे खडे टाकू नका, ते वितळून पाणीच वाढतं.

माडावरून
आमच्याकडे गोव्यात रेंदेर माडाची सूर काढतात, तिकडे पालघर-डहाणूकडे ताडाची नीरा. नीरा पहाटे उतरवतात आणि मडक्याला आतून चुना लावलेला असतो, तेव्हा कुठे ती सकाळभर गोड राहते. चुना नसेल तर उन्हं चढायच्या आत आंबायला लागते. मेपलच्या बादलीला चुना का लावत नाहीत?

हिमवाट
@माडावरून, छान प्रश्न. नीरेत साखर मेपलच्या पाच-सहा पट आणि हवा तीस अंशांची, म्हणून तिथे यीस्ट तासाभरात कामाला लागतं. चुन्याने रस अल्कधर्मी होतो आणि आंबणं लांबतं. मेपलला ते काम थंडी फुकटात करते. शिवाय चुना घातलेला रस आटवला तर रंग गडद होतो आणि चवही बिघडते. नीरेचा गूळ करतानासुद्धा तो चुना आधी काढावा लागतोच. आणि मेपल सिरप म्हणून जे विकलं जातं त्यात बाहेरचं काही घालायला परवानगी नाही. पूर्वी झाडाच्या भोकात फॉर्माल्डिहाइडच्या गोळ्या ठेवायचे, म्हणजे भोक जास्त दिवस वाहतं राहायचं. त्याने झाडाच्या आतलं लाकूड कुजायचं. आता त्यावर अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडे बंदी आहे.

माडावरून
धन्यवाद. तीस अंश आणि चार अंश, सगळा फरक तिथेच आहे तर.

पायवाट_७
तोटीबद्दल थोडं, कारण रस खराब व्हायला सुरुवात तिथूनच होते.

भोक 5/16 इंची, खोली दीड ते दोन इंच. बिटवर दीड इंचावर टेप गुंडाळा म्हणजे जास्त आत जाणार नाही. दिशा किंचित वर चढती ठेवा, म्हणजे रस भोकात न साचता बाहेर ओघळतो. बिट धारदार हवं; बोथट बिटाने भोक खरबरीत होतं आणि त्या तंतूंत जंतू घर करतात. बाहेर येणारा भुसा सायीच्या रंगाचा असेल तर जागा बरोबर. तपकिरी भुसा आला तर ते जुन्या भोकामागचं मेलेलं लाकूड, तिथून रस येणार नाही. जुन्या भोकापासून आडवं सहा इंच तरी सरका, आणि त्याच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका. मेलेलं लाकूड उभ्या पट्ट्यात पसरतं.

तोटी हलक्या हाताने ठोका. ठोकण्याचा आवाज बदलून भरीव झाला की थांबा. आणखी एक घाव घातला तर लाकूड उभं तडकतं आणि रस तोटीऐवजी सालीवरून वाहतो.

झाड निदान 12 इंच जाडीचं हवं. दोन तोट्या 18 इंचांच्या पुढे.

टपरीवाला
आणि ते झाड आपलंच हवं 🙂

पायवाट_७
हसू नका, हे महत्त्वाचं आहे. घरासमोर रस्त्याकडेचं झाड बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचं असतं. तोटी मारण्याआधी हद्द बघा.

सुगीचे_दिवस
रोज संध्याकाळी तासभर आटवलं तर? पाच दिवस साठवण्यापेक्षा बरं नाही का? उकळला की जंतू मरतात, घनफळही कमी होतं.

कोयनाकाठ
मला नाही पटत. रोज तापवून गार करायचं म्हणजे रंग गडदच होणार.

सुगीचे_दिवस
@कोयनाकाठ, कोमट राहिलेल्या कच्च्या रसाइतका नाही होणार. खळखळून उकळा, 20 लिटरचे 5 करा, कढत असतानाच झाकणाच्या भांड्यात ओता आणि फ्रिजमध्ये ठेवा. 120 लिटरचे 30 होतात, ते मावतात. अर्धवट आटवलेल्यात साखर जास्त, म्हणून उघडं ठेवलं तर कच्च्यापेक्षा लवकर बिघडेल, फ्रिज हवाच. स्वयंपाकघरात मात्र करू नका. 20 चे 5 करायचे म्हणजे 15 लिटर पाणी वाफ होऊन भिंतींवर बसणार. बाहेर प्रोपेनची शेगडी लावा.

कोयनाकाठ
थंडी असताना साठवा, गरम आठवडा आला तर उकळून ठेवा. असं म्हणालात तर मी तुमच्याबरोबर.

विहीर_आणि_रहाट
आरओ वापरता येईल. घरगुती पाण्याच्या आरओचे तीन-चार पडदे जोडून छोटा पंप लावला की शुद्ध पाणी वेगळं निघतं आणि 2 टक्क्यांचा रस 4 टक्के होतो. आटवण्याचा वेळ निम्मा. पण घट्ट झालेला रस त्याच दिवशी आटवायला हवा, कारण जंतूंना खुराक दुप्पट आणि पंपातून जाताना तो थोडा तापतोही. तेव्हा आरओ शनिवारी सकाळी लावा, बुधवारी नाही. निघालेलं शुद्ध पाणी साठवून ठेवा, पडदे धुवायला तेच उत्तम.

टपरीवाला
क्वेबेकमध्ये तर सिरपचं सरकारमान्य राखीव कोठार आहे म्हणे, आणि 2011-12 मध्ये तिथून हजारो टन चोरीलाही गेलं. तुमच्या उत्तरेच्या भिंतीला कुलूप लावा!

हिमवाट
@टपरीवाला, त्या कोठारातही पिंपांत असतं ते सिरप. रस कुणी साठवत नाही, साठवता येतच नाही. 66 ब्रिक्सला, म्हणजे 66 टक्के साखरेला, आलं की साखरेपुढे जंतूंचं फारसं चालत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं राहतं.

ओढ्याकाठी
खूप मिळालं. आता रस बिघडला हे ओळखायचं कसं, आणि बिघडला तर फेकायचाच का?

रानशेवंती
काचेच्या पेल्यात घेऊन उजेडासमोर धरा. पाण्यासारखा नितळ: उत्तम. किंचित धुरकट: आजच्या आज आटवा, सिरप गडद होईल पण चांगलं लागेल. पिवळसर आणि वास आंबूस: फेका. पळीतून ओतताना तार धरू लागला तर ती बादली आणि तिच्यातून ज्यात ज्यात ओतलं असेल ते सगळं धुऊन काढा.

तळाशी उरलेल्या कालच्या रसावर आजचा ताजा ओतू नका, त्याचं विरजण लागतं. प्रत्येक बादलीवर तारीख लिहा. आणि पाऊस पडल्यावर बघाच. झाकण सैल असेल तर सालीवरचं तपकिरी पाणी आत येतं, त्या रसाचं सिरप कडवट होतं.

पायवाट_७
एक बिघाड साठवणीचा नसतो, झाडाचाच असतो. फांद्यांवरचे डोळे (कोंब) फुगायला लागले की रसातली अमिनो आम्लं बदलतात आणि सिरपला कोबी उकळल्यासारखा वास येतो. कच्च्या रसात तो कळत नाही, आटवताना कळतो. शंका असेल तर एक पेला आधी पातेल्यात उकळून वास घ्या. तो वास आला की हंगाम संपला. तोट्या काढा, भोकात काही ठोकू नका. झाड ते आपोआप भरून काढतं.

विहीर_आणि_रहाट
@ओढ्याकाठी, कुठली बादली आधी आटवायची हेही ठरवा. सगळ्या बादल्या एकत्र ओतून एकच घाणा केलात तर सोमवारचा रस शुक्रवारचाही रंग खाली ओढेल. शनिवारी जुना, रविवारी ताजा असे दोन घाणे करा. पसरट कढई असेल तर एका चौरस फुटाला तासाला फार तर पावणेचार लिटर उडतात. चार चौरस फुटांची कढई म्हणजे 60 लिटरला चार तास, आणि वाऱ्याचा दिवस असेल तर पाच-सहा.

ओढ्याकाठी
@विहीर_आणि_रहाट, हे मनात आलंच नव्हतं. ठरलं तर: आयसिंगच्या बादल्या, उत्तरेची भिंत, रोज गाळून वेगळ्या बादलीत तारखेसह, पारा 10 च्या वर गेला तर संध्याकाळी उकळून फ्रिजमध्ये. शेवटचं एक विचारतो. रविवारी रात्री घाणा अर्धवट राहिला तर? सोमवारच्या कच्च्या रसात मिसळू का?

सुगीचे_दिवस
नको. एक खळखळती उकळी द्या, कढत असतानाच बरणीत भरा, फ्रिजमध्ये ठेवा. पुढच्या शनिवारी तो सुरुवातीला घालू नका. चार तास पुन्हा उकळून नुसता काळा होईल. नवा घाणा उतरायला आला की शेवटच्या अर्ध्या तासात ओता. आणि त्या दिवशी साधं पाणी किती अंशांना उकळतं ते आधी मोजून घ्या. हवेच्या दाबाप्रमाणे ते बदलतं, आणि त्याच्या वर 4 अंश गेलं की सिरप झालं.